बघितली किती

जाळ्याच्या डोळ्यात पिवळी पट्टी घालायची. ती लाल रेघेपर्यंत आत गेली तर जाळं पास, अलीकडेच अडली तर नापास. एवढंच काम होतं. पण हे काम हाती आल्यापासून सिद्धप्पाला रोज थोडं थोडं कमी समजायला लागलं होतं.

मुगळीकट्ट्याचा तलाव मैंदर्गीच्या अलीकडे, दोन माळांच्या बेचक्यात. तलावातले मासे धरायचा ठेका गावच्या मच्छीमार सोसायटीकडं. सोसायटीत सव्वीस घरं, घराला एक जाळं. ठेक्याची मुदत मार्चअखेर संपत होती आणि यंदा मत्स्य खात्याच्या साहेबांनी नवीन अट घातली होती. पुन्हा ठेका हवा असेल तर तलावावर राखणदार नेमा. बारीक डोळ्याच्या जाळ्यात लहान मासा अडकतो, तलाव रिकामा होतो. तेव्हा तसली जाळी जमा करा, आणि किती जमा केली ते दर महिन्याला कागदावर लिहून द्या. तीन महिन्यांचे तीन कागद बघून ठरेल. कागद बिघडले तर तलाव लिलावात निघेल. लिलावात निघाला की तो बाहेरच्या कंत्राटदाराकडं जाणार, आणि कंत्राटदार आपली माणसं घेऊन येणार. मग सव्वीस घरांनी बांधावर बसून दुसऱ्यांनी काढलेले मासे बघायचे.

राखणदार म्हणून सिद्धप्पाचं नाव निघालं ते त्याच्या गुडघ्यामुळं. चाळीस वर्षं गारठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याचा उजवा गुडघा कवठासारखा झाला होता. थर्माकोलच्या तराफ्यावर त्याला आता मांडी घालता येत नव्हती. "अण्णाला काटावरचं काम द्या," असं त्याचा चुलतभाऊ भीमाशंकर मीटिंगमध्ये म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

जानेवारीत पट्टी आलीच नव्हती. सिद्धप्पा सकाळी काठी टेकत बांधावर जायचा. तराफे काठाला लागले की विचारायचा, "जाळं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की."

"बरं असू दे मग."

महिना संपला. सुनेनं, ऋतुजानं, कागदावर 'उल्लंघन' असं छापलेल्या रकान्यात शून्य लिहिलं. ऋतुजा बार्शीकडची, बारावी झालेली. तिचा नवरा बिरदेव पुण्याच्या एका कंपनीत होता आणि ती सासू-सासऱ्यांजवळ राहून बाहेरून पुढचं शिकत होती. घरात लिहायचं काही निघालं की ते तिच्याकडंच यायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी अनिलकुमार साहेब मोटारसायकलवरून आले. वयानं बिरदेवएवढेच. त्यांनी बॅगेतून पिवळी पट्टी काढली, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला रुंद, मध्ये लाल रेघ.

"काका, गाठीपासून गाठीपर्यंत चाळीस मिलिमीटर. तुमच्या करारात तसं आहे. ही पट्टी घातली की डोकं लावायचं कामच नाही."

"आमच्यात दोन बोटं घालून बघत्यात, साहेब."

"कुणाची बोटं?"

सिद्धप्पानं आपली बोटं बघितली. साहेबांनीही बघितली. मग साहेबांनी आपली बोटं शेजारी धरली. ती बरीच बारीक होती. दोघंही थोडं हसले.

"म्हणून पट्टी," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सिद्धप्पा खरोखर कामाला लागला. पाणी ओसरत चाललं होतं आणि काठाला गुडघाभर काळा चिखल उघडा पडला होता. वाळलेल्या चिखलाच्या खपल्या पायाखाली तुटायच्या. तो रोज सकाळी एका तराफ्याजवळ जायचा, जाळं काठावर पसरायला सांगायचा, आणि मांडी घालता येत नसल्यामुळं एक पाय लांब करून मातीत बसायचा. दहा डोळे इकडचे, दहा तिकडचे. पट्टी घालायची, बघायचं, काढायची. जाळ्याला मासळीचा बुळबुळीतपणा असायचा आणि पट्टी हातातून निसटायची.

पहिली दोन जाळी पास झाली. जुनी होती, रंग उडालेली. तिसरं जाळं भीमाशंकरचं. नवं कोरं, गेल्या दिवाळीत विणलेलं. पट्टी आत गेली आणि रेघेच्या अलीकडं थांबली.

सिद्धप्पानं दुसरा डोळा बघितला. तिसरा बघितला. घामानं पट्टी ओली झाली म्हणून धोतराला पुसली.

"काय झालं अण्णा?"

"अडतंय."

"दाब की जरा."

"दाबायचं न्हाय म्हन्लंय."

भोवती चार-पाच माणसं जमली. भीमाशंकर उभाच होता, ओल्या लंगोटीवर, पायाला चिखलाचे मोजे. त्यानं आधी भावाकडं पाहिलं, मग जमलेल्यांकडं.

"हे जाळं कुणी विनलंय ठावं हाय न्हवं?" तो म्हणाला. "वैनीनं. तुझ्याच ओसरीवर बसून. आनि तू माज्या जाळ्यात पट्टी घालतूस."

ते खरंच होतं. गावातली सगळी जाळी सिद्धप्पाची बायको पार्वतम्माच विणायची. बाजारात यंत्रावरचं तयार जाळं मिळतं, पण तलावाच्या तळाला बुडालेल्या बाभळींची खुंटं आहेत, त्यात ते पातळ जाळं आठ दिवसांत फाटतं. पार्वतम्माचं जाळं जाड दोऱ्याचं असायचं. ते खुंटाला अडकलं तर खुंट हलायचं, जाळं फाटायचं नाही.

नापास जाळं सोसायटीच्या खोलीत जमा झालं. भीमाशंकर दुसऱ्या दिवसापासून गळ टाकून बांधावर बसायला लागला. सिद्धप्पा येताना दिसला की मोठ्यानं म्हणायचा, "साहेब आले. माजा गळ बी मोजून घ्या, साहेब."

महिनाअखेरपर्यंत सोळा जाळी बघून झाली. पाच पास, अकरा नापास. आणि एक गोष्ट सिद्धप्पाच्या डोक्यात काट्यासारखी रुतून बसली. जी पास झाली ती सगळी जुनी होती, जी नापास झाली ती सगळी नवी. नव्या जाळ्यांची माणसं काही लबाड नव्हती. त्यातला एकजण तर दर सोमवारी मासा न धरणारा, देवाला न विचारता पाण्यात न उतरणारा.

ऋतुजानं रकान्यात अकरा लिहिलं.

"मामा, बघितली किती ते लिहायला जागाच नाही," ती म्हणाली.

"नसंल लागत."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साहेब आले. सोसायटीच्या खोलीत अकरा जाळी ढिगानं पडली होती आणि वास मारत होती, म्हणून मीटिंग बाहेर लिंबाखाली झाली. साहेबांनी मोबाइल सगळ्यांसमोर धरला. त्यात एक लाल रेघ होती. खाली टेकलेली, आणि मग एकदम वर गेलेली.

"जानेवारीत शून्य. फेब्रुवारीत अकरा," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे नियम मोडायचं प्रमाण वाढतंय. वर पाठवल्यावर मला विचारणार, एका महिन्यात असं काय झालं?"

"साहेब, जानेवारीत पट्टीच न्हवती की," सिद्धप्पा म्हणाला.

"ते बरोबर आहे काका. पण ते यात कुठं भरू?"

"मग मी ह्या महिन्यात जास्त काम केलं का वाईट केलं?"

साहेबांनी बोटानं पडदा सरकवला. दुसरं एक चित्र आलं. त्यातही अकराच होते, पण हिरव्या रंगात.

"इथे बघा, 'कारवाई'. यात तुम्ही चांगले आहात. अकरा म्हणजे उत्तम काम."

"आनि मगाच्यात?"

"मगाशी 'उल्लंघन'. त्यात वाईट."

"अकरा ती हीच न्हवं?"

"हीच."

साहेबांनी लाल चित्र पुन्हा काढलं, मग हिरवं काढलं, मग मोबाइल खिशात ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "ठेक्यासाठी लाल बघतात," ते हळूच म्हणाले. "मार्चचा कागद चांगला आला पाहिजे काका. रेघ खाली आली पाहिजे."

साहेब गेल्यावर भीमाशंकर भावाजवळ येऊन बसला. फेब्रुवारीभर त्यानं नुसते टोमणे मारले होते. आज तो हळू आवाजात बोलला, आणि ते सिद्धप्पाला जास्त जड गेलं.

"अण्णा, अजून धा जाळी बघायची ऱ्हायल्यात. व्हय?"

"व्हय."

"ती बघू नगंस. खोटं लिव असं मी म्हनत न्हाय. नुसतं बघू नगंस. बघितलं न्हाई तर सापडनार न्हाई, सापडलं न्हाई तर शून्य. रेघ खाली. तळं आपलं." तो उठला. "तुजा गुडघा बी जरा बरा व्हईल."

त्या संध्याकाळी सिद्धप्पा ओसरीवर पाय लांब करून बसला होता. पार्वतम्मा गुडघ्याला एरंडाचं पान बांधत होती. तिचं माहेर अफझलपूरकडचं. रागावली की कानडीत बोलायची.

"नवी जाळीच कशी नापास व्हत्यात, मला कळंना," सिद्धप्पा म्हणाला. "जुनी ढिली पडत्यात म्हनावं, तर दोरा नायलॉनचा. ढिला कुटं पडतोय."

"माजी नदर गेली म्हना," पार्वतम्मा म्हणाली. "हात गेला म्हना. सगळं गाव तेच म्हनाय लागलंय. कुणी तोंडावर म्हनत न्हाय एवडंच."

"तसं न्हाय गं."

"मी डोळ्यानं विनतच न्हाय. अंधारात बी विनंन. चीप हाय की माजी."

चीप म्हणजे बांबूची चपटी, वीतभर लांब पट्टी. तिच्याभोवती दोरा गुंडाळायचा, सुई फिरवायची, गाठ मारायची. चिपेची रुंदी तेच डोळ्याचं माप. ती सिद्धप्पाच्या वडलांनी आपली दोन बोटं ठेवून तासली होती. पार्वतम्मा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं किल्ल्या दिल्या नाहीत, चीप दिली.

"आत्या, ती चीप देता का जरा?" ऋतुजा म्हणाली.

पार्वतम्मानं देव्हाऱ्याखालच्या डब्यातून चीप काढली. तेल पिऊन काळी-तांबडी झालेली, टोकाला कुंकवाचं बोट. ऋतुजानं कंपासपेटीतली पट्टी आणली आणि चिपेवर आडवी धरली. मग दिव्याखाली गेली आणि पुन्हा धरली.

"काय गं?"

"कडेला सदतीस, आत्या. मधे साडेछत्तीस."

"किती पायजे?"

"चाळीस."

सिद्धप्पा भिंतीला धरून उठला. त्यानं पिवळी पट्टी आणली, चिपेवर ठेवली, काढली, उलटी करून ठेवली. आपली दोन बोटं ठेवली. बापाची बोटं आपल्यापेक्षा जाड होती हे त्याला चांगलं आठवत होतं, आणि तरी त्याचीच बोटं चिपेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती.

"बांबू आटतो का?" त्यानं विचारलं.

"एवढा नाही आटणार," ऋतुजा म्हणाली. "आत्या, तुम्ही खंडेनवमीला हिला काय करता?"

"काय करतीय. हत्यारं पुजत्यात तशी पुजती. धुती, तेल लावती."

"आणि काचेनं घासता."

पार्वतम्माचा हात पदरावर थांबला.

पूर्वी सुती दोरा होता. तो मऊ, त्यानं चिपेला काही होत नसे. आठ वर्षांपूर्वी जाड नायलॉनचा दोरा आला. तो चिपेच्या कडेला खाचा पाडायचा. खाचेत दोरा अडकला की गाठ वाकडी बसते. म्हणून पार्वतम्मा दर खंडेनवमीला बाटलीची फुटकी काच घेऊन चीप दोन्ही कडांनी खरवडायची, अगदी गुळगुळीत करायची. गालाला लावून बघायची. मग तेल, मग कुंकू, मग देवापुढं. एक वर्षही चुकलं नव्हतं. बिरदेवच्या लग्नाची धावपळ होती त्या वर्षीही ती अंघोळ करून ओल्या केसांनी काच घेऊन बसली होती.

"म्हणून जुनी पास आणि नवी नापास," ऋतुजा म्हणाली. तिच्या आवाजात कोडं सुटल्याचा आनंद आला होता. सासूचा चेहरा पाहून तिनं तो गिळला.

"मी पुजा करत व्हती," पार्वतम्मा म्हणाली.

"व्हय की," सिद्धप्पा म्हणाला.

"हयगय केली असती तर बरं झालं असतं मग?"

ज्यानं चिपेतल्या खाचा तशाच ठेवल्या असत्या त्याची जाळी वाकडी झाली असती, पण पास झाली असती. "कागदावर कुणाचं नाव लिवायचं?" तो स्वतःशीच म्हणाला. "भीमानं केलं म्हनावं, तर त्यानं फकस्त जाळं टाकलं. हिनं केलं म्हनावं, तर..."

"सुम्निर्री," पार्वतम्मा म्हणाली. गप्प राहा. आणि चीप पदराखाली धरून आत गेली.

दोन दिवस सिद्धप्पा तलावाकडं गेला नाही. गुडघा दुखतो असं त्यानं सांगितलं, आणि गुडघा दुखतच होता. पण तो रोजच दुखायचा. दहा जाळी पाण्यात होती. ती बघितली नाहीत तर शून्य. भीमाशंकरचं म्हणणं त्यानं उलटंसुलटं करून बघितलं. त्यात खोटं कुठं सापडेना, आणि खरंही सापडेना. बघितलंच नाही हा काही गुन्हा नव्हे. जानेवारीभर त्यानं तेच तर केलं होतं, आणि जानेवारीचा कागद सगळ्यांत चांगला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तंबाखू आणायला म्हणून फाट्यावर गेला. तिथं इसूफ थांबला होता. मैंदर्गीचा मासळीवाला, मुगळीकट्टा आणि पलीकडचा चिंचकट्टा, दोन्ही तलावांचा मासा तोच उचलायचा. मोटारसायकलला मागं दोन क्रेट, वर ओलं गोणपाट. टायर पंक्चर झालं होतं आणि तो सावलीत चहा पीत बसला होता.

"क्या सिद्धप्पाभाई, सोसायटीचं काय म्हनतंय? तुमच्याकडं तर मासाच मिळंना झालाय. सगळ्यांची जाळी तुमीच आत टाकली म्हनं."

"अकराच."

"अकराच म्हनं." इसूफ हसला. "चिंचकट्टावाल्यांचं बघा. तिकडं दोन महिने शून्य. शून्य नि शून्य. साहेबानं फोटो काढला म्हनं त्यांच्या राखणदाराचा, बाकीच्या तलावांना दाखवायला. राखणदार कोन ठावं हाय? त्याचं किराणा दुकान हाय. तळ्याकडं तोंड करून बसतोय, एवडीच राखण."

"मासा कसा हाय तिकडचा?"

"बघा की."

इसूफनं गोणपाट बाजूला केलं. रोहूची पिल्लं होती. तळहाताएवढीही नाहीत. बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि त्यात ती चांदीच्या चमच्यांसारखी एकमेकांवर पडली होती. सिद्धप्पानं एक उचलून हातावर घेतलं. गेल्या श्रावणात तलावांत बीज सोडलं होतं, हे त्यातलंच. अजून दोन पावसाळे पाण्यात राहिलं असतं तर कोपरापर्यंत झालं असतं, आणि त्यानं अंडी घातली असती.

"ह्याला गिऱ्हाईक हाय?"

"सुकवून जातंय. कोंबड्यांच्या खाद्यात. मलाबी बरं वाटत न्हाई भाई, पर मी न्हाई उचललं तर दुसरा उचलतो."

सिद्धप्पानं पिल्लू परत ठेवलं. हाताला खवलं चिकटली होती, नखाएवढीसुद्धा नव्हती. म्हणजे हे शून्य, त्याच्या मनात आलं. शून्य असं दिसतं. तंबाखू न घेताच तो परत फिरला, आणि घरी न जाता बांधाकडं वळला.

त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस त्यानं राहिलेली दहा जाळी बघितली. चार पास, सहा नापास. कुणी शिव्या दिल्या नाहीत. ते त्याच्याकडं बघत नव्हते, एवढंच. एका म्हातारीनं जाळं स्वतःच गुंडाळून खोलीत आणून टाकलं आणि म्हणाली, "तळं गेल्यावर मग तुमी काय राखनार, सिद्धप्पा?"

भीमाशंकर मात्र घरी आला. ओसरीच्या पायरीशीच उभा राहिला.

"मी काय मागितलं व्हतं? डोळं मिट एवडंच. चार आठवडं."

आतून पार्वतम्मा बाहेर आली. तिच्या हातात नवी चीप होती, पांढरी, ओली. सकाळीच बांबू फोडून केलेली. ऋतुजानं तिच्यावर पेनानं रेघ आखून दिली होती.

"भीमाण्णा, तुमचं जाळं माज्यामुळं आत पडलंय," ती म्हणाली. "ह्यांच्यामुळं न्हाय." मग तिनं जुनी चीप आणली आणि काचेपासून सगळं सांगितलं. सावकाश, काही न लपवता, पोरींना विणकाम शिकवताना सांगते तसं. भीमाशंकरनं दोन्ही चिपा एकमेकींना लावून बघितल्या. फरक दोऱ्याच्या तीन पदरांएवढा होता.

"एवड्याचं?"

"एवड्याचंच."

त्यानं दोन्ही चिपा वैनीला परत दिल्या. "मग आता मी कुणावर रागावू?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. शेवटी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "वैनी, च्या तरी टाक."

दुसऱ्या दिवसापासून भीमाशंकरची बायको विणायला येऊन बसली. मग आणखी दोघी आल्या. मग ओसरी पुरेना. पार्वतम्मानं मोजून आठ चिपा केल्या आणि ऋतुजानं प्रत्येक चीप पट्टीवर धरून पास केली. नायलॉनच्या दोऱ्यानं बायकांच्या करंगळ्या कापल्या. त्या चिंध्या बांधून विणत राहिल्या. सतरा जाळी एका महिन्यात होणं शक्य नव्हतं. पंचवीस तारखेपर्यंत पाच झाली.

सव्वीसला साहेब आले. ओसरीवर त्यांना पाट दिला. ऋतुजानं कागद पुढं ठेवला. छापील रकान्याच्या डावीकडं तिनं पेन्सिलीनं एक उभी रेघ मारून नवा रकाना केला होता, आणि वर लिहिलं होतं, 'बघितली'. जानेवारी, बघितली शून्य, नापास शून्य. फेब्रुवारी, बघितली सोळा, नापास अकरा. मार्च, बघितली सव्वीस, नापास सतरा.

"सतरा," साहेब म्हणाले.

"आधीची अकरा धरून, साहेब. नवी सा. पुन्यांदा सगळी बघितली," सिद्धप्पा म्हणाला. "आता बघायचं ऱ्हायलं न्हाय एक बी."

"हा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाहीये."

"म्हणून पेन्सिलीनं केलाय," ऋतुजा म्हणाली. "जानेवारीचं शून्य आणि चिंचकट्ट्याचं शून्य, दोन्ही असलीच आहेत साहेब. बघितली शून्य."

साहेबांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. पार्वतम्मानं दोन्ही चिपा त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी जुनी चीप उचलली, कडेवरून अंगठा फिरवला. तो गुळगुळीतपणा त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवला.

"किती वर्षं घासताय?"

"आठ."

"आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"तुमी पट्टी आनली तवा आलं की," पार्वतम्मा म्हणाली.

साहेबांनी नवी पाच जाळी बघितली. पाचही पास. त्यांनी पेन्सिलीच्या रकान्याचा फोटो काढला, चिपांचा काढला. "मी हे वर पाठवतो," ते म्हणाले. "तिथं त्याचा काय अर्थ लावतील, मला खरंच सांगता येत नाही. फॉर्ममध्ये मात्र सतराच भरावे लागतील."

"लाल का हिरवं?" सिद्धप्पानं विचारलं.

"दोन्ही, काका."

एकतीस मार्चला चिठ्ठी आली. लिंबाखाली ऋतुजानं ती वाचली. तलावाचा ठेका सोसायटीकडं तीन महिन्यांसाठी पुढं चालू राहील. त्या तीन महिन्यांचे कागद पाहून अंतिम निर्णय घेण्यात येईल.

"म्हंजे मिळाला?" भीमाशंकरनं विचारलं.

"तीन महिन्यांसाठी."

"म्हंजे न्हाई मिळाला?"

"तसंही नाही."

कुणीतरी साखरेची पुडी आणून ठेवली होती. ती वाटावी की नाही यावर थोडा वेळ बोलणं झालं. शेवटी अर्धी वाटली आणि अर्धी बांधून ठेवली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सिद्धप्पा उन्हं चढायच्या आत ओसरीवरच कामाला बसला. एक जुनं, पास झालेलं जाळं बाभळीच्या खुंटाला लागून फाटलं होतं आणि पार्वतम्मानं ते रात्रीच्या जेवणाआधी सांधून ठेवलं होतं. ठिगळ लावताना चीप लागत नाही. जुन्या हाताला बोटांचा अंदाज पुरतो. सिद्धप्पानं पाय लांब केला, जाळं मांडीवर ओढलं आणि पट्टी घातली. जुने डोळे पास. ठिगळाच्या डोळ्यात पट्टी शिरली आणि लाल रेघेच्या अलीकडं थांबली.

त्यानं दुसरा डोळा बघितला. मग पट्टी मांडीवर ठेवून तिच्याकडं बघितलं.

पार्वतम्मा चुलीपाशी होती. तिनं त्याच्या थांबण्यावरूनच ओळखलं. ती आली, खाली बसली, आणि ठिगळाच्या डोळ्यात आपली दोन बोटं घातली. बोटं अगदी बरोबर बसली. आठ वर्षं चिपेबरोबर त्या बोटांचा अंदाजही बारीक होत आला होता. त्यांना काच लागली नव्हती, तरी.

"ह्याला काय घासायचं आता," ती म्हणाली.

"पुन्ना सांध. मी काय बघितलंच न्हाय."

तिनं बोटं काढून घेतली. आत जाऊन नव्या महिन्याचा कागद आणि पेन्सिल घेऊन आली. छापील फॉर्म पहिल्यासारखाच होता. पेन्सिलीची उभी रेघ ऋतुजानं आधीच मारून ठेवली होती.

"लिवा," पार्वतम्मा म्हणाली. "बघितली एक. नापास एक."

सिद्धप्पाला लिहायची सवय नव्हती. त्यानं दोन्ही रकान्यांत एकेक उभी काडी ओढली. ती सरळ आली की नाही हे बघायला त्यानं कागद उजेडात धरला. तोवर ती ठिगळ उसवायला बसली होती, आणि या खेपेला मापासाठी नवी चीप तिनं गुडघ्याखाली दाबून ठेवली होती.